मोठ्याने वाचताना ओळ गाळता येत नाही

मधली_ओळ (ठाणे):

गेले काही महिने एक विचार डोक्यात घोळतोय, इथे मांडते. जरा लांबण लागेल.

‘माझ्या तत्त्वात बसत नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. पण त्या तत्त्वांपैकी किती आपण स्वतः मुळापासून विचार करून धरलेली असतात आणि किती सोसायटीच्या ग्रुपवरून, ऑफिसात डबा खाताना झालेल्या गप्पांतून, नातेवाइकांच्या टोमण्यांतून आपल्याला चिकटलेली असतात? हे तपासायचं तर एका गोष्टीपाशी बराच वेळ थांबावं लागतं. ते थांबणं मला वाचनातून सापडलं, आणि तेही मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने वाचताना.

माझे बाबा निवृत्त शिक्षक. काचबिंदूमुळे त्यांची नजर कडांकडून आत आत आक्रसत गेली आणि आता छापलेली ओळ त्यांना दिसत नाही. म्हणून संध्याकाळी सात ते आठ मी त्यांना वाचून दाखवते. नौपाड्यातलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, खाली रिक्षांची रांग, हॉर्न चालूच. बाबा खुर्चीत ताठ बसतात, डावा तळहात गुडघ्यावर, आणि वाक्य पुरं झालं की तर्जनी किंचित उचलून पुन्हा टेकवतात. सुरुवातीला मी माझ्या नेहमीच्या वेगाने वाचत होते. एकदा त्यांनी बोट उचललं ते खाली आणलंच नाही. म्हणाले, “हे ‘तरीसुद्धा’ कशाला आलं? ज्याच्यावर ‘तरीसुद्धा’ म्हणायचं ते तू वाचलंच नाहीस.” पान पाहिलं तर एक अख्खं वाक्य राहून गेलं होतं.

यात नवल नाही. डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं, पण तो उड्या मारत जातो. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो, पुढे झेपावतो, छोटे शब्द पुष्कळदा ओलांडूनच जातो. सराईत वाचकाचीसुद्धा दहातली एखादी उडी उलटी पडते, म्हणजे डोळा मागे जाऊन न लागलेलं पुन्हा बघतो. मला ही उलटी उडी फार मोलाची वाटते. घाईत पहिली तीच जाते. एकट्याने वाचताना ते कळतही नाही, कारण गाळलेल्या जागी आपलं मन आपलंच काहीतरी भरून टाकतं आणि वाचल्याचं समाधान तसंच्या तसं राहतं. ऐकणाऱ्याला मात्र ती फट लगेच ऐकू येते.

एकदा बाबांनी एक जुना वैचारिक लेख वाचायला लावला. लेखकाचं म्हणणं मला पहिल्या पानापासून खटकत होतं. एकटी असते तर मिटून ठेवला असता. पण लेख संपेपर्यंत मत द्यायचं नाही हा बाबांचा वर्गातला नियम घरातही चालतो. संपला तेव्हाही तो मला पटलेला नव्हता. फरक एवढाच की कुठे पटला नाही ते आता बोट ठेवून दाखवता येत होतं, आणि त्याच्या दोन मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुरुवातीला माझ्याकडे होती ती नुसती चीड.

त्याच सुमारास ऑफिसात मला बढती देऊ केली. महापेला आहे ऑफिस. पगार बराच वाढणार होता, पण संध्याकाळी साडेसहानंतर परदेशातल्या लोकांशी कॉल, आठवड्यातले चार-पाच दिवस. घरचे, मैत्रिणी, शेजारचे काका, सगळ्यांनी सांगितलं, घे. “बाबांना ऑडिओबुक लावून दे.” “एखादी मुलगी ठेव वाचायला.” “अशी संधी परत येत नाही.” मी रात्री वही घेतली आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या बाजूने पूर्ण लिहून काढलं. मधे उत्तर द्यायचं नाही, बाबांचाच नियम. लिहिता लिहिता दोन गोष्टी दिसल्या. एक, बढती घ्यावीशी वाटण्यामागे पैशापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हे जास्त होतं. दुसरी, सगळे ज्याला बाबांची सेवा म्हणत होते ती पूर्णपणे सेवा नव्हती. तो तास मला माझ्यासाठी हवा होता. दिवसभरात तेवढा एकच तास मी एका जागी पूर्ण असते.

मी नाही म्हणून कळवलं. सध्याच्या पगारात आमचं भागतं, हे इथे सांगायला हवं.

तुम्हाला काय वाटतं? वाचनाचा आणि आपल्या मनाला पटलेलं जगण्याचा असा संबंध तुम्हालाही जाणवलाय का?

——

पारिजातक (कोपरखैरणे):

फार मनापासून लिहिलंय. ‘नुसती चीड’ हे वाचून थबकले. माझ्या मुलीशी, नववीत आहे, माझे जे वाद होतात त्यात दोघींकडे तेवढंच असतं. सविस्तर नंतर लिहिते.

——

जुनी_पाने (ठाणे):

मी अनेक वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर काम केलं, म्हणून दोन शब्द.

आपल्या ठाण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. मराठी ग्रंथ संग्रहालय इथे १८९३ साली सुरू झालं. जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे संस्थापकांपैकी एक. मराठी पुस्तक एका ठिकाणी जपून ठेवायला हवं, हे तेव्हा कोणी मागितलं नव्हतं. काही माणसांना ते महत्त्वाचं वाटलं आणि त्यांनी ते केलं. राज्याचा ग्रंथालय कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६७ मध्ये आला.

ताईंच्या मुद्द्याला धरून एक सांगतो. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडली. चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा याचा अर्थ असा शिकवला गेला की पुस्तक शोधण्यात वाचकाची दहा मिनिटं जात असतील तर ती दोनवर आणा, म्हणजे उरलेली आठ त्याला वाचायला मिळतील. फोनने शोधण्याची मिनिटं जवळजवळ शून्यावर आणली. पण वाचलेला वेळ वाचकाच्या हातात दिला नाही, स्वतःकडेच ठेवून घेतला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत चांगले जुने सभासद पुस्तक परत करताना सांगायचे, “पन्नास पानांपुढे सरकलोच नाही, वेळच झाला नाही.” ही वाचनावर प्रेम करणारी माणसं होती.

आणि स्वतःच्या मूल्यांनी जगण्याबद्दल बोलतोच आहोत तर र. धों. कर्वे यांचं नाव घ्यायला हवं. संततिनियमनाचा जाहीर पुरस्कार केला म्हणून प्राध्यापकाची नोकरी गेली. त्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. मासिकाने पैसा कधी दिला नाही. मला त्यांच्यात सगळ्यात जास्त काय भावतं? ते गणिताचे माणूस. आपला नसलेला विषय त्यांनी वाचून, पडताळून आपला केला आणि एकदा खात्री पटल्यावर आख्खा समाज विरुद्ध असताना सव्वीस वर्षं लिहीत राहिले. ऐकीव मतावर कोणी इतकी वर्षं तग धरत नाही.

——

चिखलपक्षी (नेरूळ):

मधली_ओळ, तुमच्या निर्णयाचा आदर आहे, पण मुद्दा पटत नाही. लक्ष द्यायला पुस्तकच लागतं असं नाही. मी वाचक नाही, कधीच नव्हतो. माझी आई चौथी शिकलेली, आणि तिच्याइतकं लक्ष देणारं माणूस मी पाहिलं नाही. पातेल्यातल्या दुधाच्या आवाजावरून उतू जायला किती वेळ आहे ते तिला स्वयंपाकघराबाहेरून कळायचं.

मी शिकलो ते पक्ष्यांकडून. नोव्हेंबर ते मे आमच्याकडे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. येणारे जाणारे म्हणतात, “गुलाबी पक्षी”, फोटो काढतात, निघतात. थोडं थांबलात तर दिसतं की ते दोन प्रकारचे आहेत. छोट्या रोहितची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित अंगाने फिकट, त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. आणखी थांबलात तर त्यांचं वेळापत्रक कळतं. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने चिखल झाकला की उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. म्हणजे खाडी वाचवून भागत नाही. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं, पण हे भरतीचे आसरे त्या हद्दीच्या बाहेर आहेत.

हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नाही. सकाळी सहाला उभं राहून दिसलं. आणि जे दिसलं त्यामुळेच मी त्या जागांसाठी भांडायला लागलो. माझं मूल्य म्हणाल तर ते तिथे चिखलात तयार झालं.

——

वाशी_लोकल (तुर्भे):

सगळं वाचलं. मला राग नाही, पण मनातलं बोलतो.

बढती नाकारणं ज्याला परवडतं त्याने नाकारावी. मी तुर्भ्याला गोदामात सुपरवायझर आहे. बारा तासांची पाळी, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जाणं-येणं वेगळं. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि मग तुर्भे, सगळा प्रवास उभ्याने. एका हाताने वरची कडी धरलेली. दुसऱ्या हातात पुस्तक धरता येत नाही, फोन धरता येतो. घरी आल्यावर डोकं असं जड झालेलं असतं की मुलाने दिलेल्या वहीतली चार ओळींची सूचनाही दोनदा वाचावी लागते. लक्ष देणं हा गुण आहे असं सगळे म्हणतात. मला तर ती शक्ती वाटते, आणि ती दिवसभर मालकाला विकलेली असते. उरते त्यात काय तपासणार मूल्यं?

——

मधली_ओळ:

वाशी_लोकल, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. म्हणूनच भागतं हे आधी लिहिलं होतं, पण एका ओळीत उरकण्याइतकी ती छोटी गोष्ट नाही. मला तो तास मिळतो कारण बाबांची पेन्शन आहे आणि घर आमचं आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की माहिती वाढते तेव्हा ती ऐकणाऱ्याचं लक्ष खाते, जिथे माहिती मुबलक तिथे लक्षाची टंचाई. पण ही टंचाई सगळ्यांना सारखी नाही हे तुमच्यामुळे समोर आलं.

चिखलपक्षी, बघणं आधी येतं हे मलाही पटलं. बाबा काही न बघता लक्ष देतात, तेव्हा डोळ्यांचाही आग्रह मी धरणार नाही. एकच विचारते. भांडायला लागलात म्हणालात, ते भांडण कशाने लढलात?

——

अभ्यासिका_ऐरोली:

मी राज्यसेवेची तयारी करतोय. सकाळी आठ ते रात्री नऊ अभ्यासिकेत. वाचन विचाराल तर माझ्याइतकं इथे कोणी करत नसेल. पण धागा वाचून अस्वस्थ झालो.

आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे आणि नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे. सचोटी, करुणा, वस्तुनिष्ठता यांवर मी रोज उत्तरं लिहितो. प्रसंग दिलेला असतो: तुम्ही अधिकारी आहात, वरिष्ठ असं सांगतात, तुमचा मित्र तसं सांगतो, काय कराल? मला आदर्श उत्तर येतं. परीक्षकाला काय हवं ते ओळखून मी लिहितो, गुणही बरे पडतात. पण काल घरमालकाने पावती न देता भाडं रोखीने मागितलं आणि मी गप्प दिलं. तेव्हा उत्तरपत्रिकेतला तो अधिकारी आठवलाही नाही, आठवला तो रात्री.

माझं वाचन पूर्ण लक्ष देऊन चाललंय, ओळ न गाळता, अधोरेखित करून. तरी त्यातून माझं असं काही तयार होत नाहीये. मग कमी कशाची आहे?

——

जुनी_पाने:

बाळा, प्रामाणिकपणे विचारलंस म्हणून थेट सांगतो. तू प्रत्येक पान उत्तरासाठी वाचतोस. त्यात गैर काही नाही, परीक्षा तशीच द्यावी लागते. पण आठवड्यातून एखादं पान असं वाच की ज्यावर कोणी प्रश्न काढणार नाही. आणि घरमालकाकडे पावती माग. या महिन्याची राहिली असेल तर पुढच्या महिन्याची. ते मागताना तुझ्या तोंडून जे शब्द निघतील, ते कुठल्याही नोट्समधले नसतील.

——

पारिजातक:

मुलीबद्दल लिहिते म्हटलं होतं.

ती रील्स बघते आणि मी ओरडते, हे रोजचं. मग एकदा मी तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर बघत राहिले, काही न बोलता. बराच वेळ गेल्यावर विचारलं, “आत्ता बघितलेलं शेवटून तिसरं काय होतं?” तिला आठवेना. मलाही आठवेना. ती स्वतःच म्हणाली, “संपत नाही ना, म्हणून थांबता येत नाही.” तिला सांगितलं की हे आपोआप झालेलं नाही. खाली सरकवत राहिलं तरी पान संपतच नाही ही रचना एझा रास्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. तिला हे ऐकून राग आला, आणि तो राग पहिल्यांदाच माझ्यावर नव्हता.

अभ्यासाच्या मधे ‘दोनच मिनिटं’ फोन घेतला तर काय बिघडतं, यावरही आमचा वाद असायचा. सोफी लेरॉय यांचा २००९ चा अभ्यास आहे की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. हे मला माझ्या बाबतीत जास्त पटलं. भाजी फोडणीला टाकून मी ऑफिसचा मेसेज बघते, मग दोन्हीकडे अर्धीच असते, आणि त्या अर्धेपणात मुलगी काही सांगायला आली की ‘हं हं’ करते. तिने ते अनेकदा बोलून दाखवलंय. आता ती स्वयंपाकघरात आली की फोन फ्रिजवर ठेवते. ती लगेच येऊन पोटातलं सांगायला लागली असं काही झालेलं नाही. कधी येते, उभी राहते, काही न बोलता जाते. पण मी तिथे असते.

——

चिखलपक्षी:

मधली_ओळ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला दोन दिवस घेतले, कारण मला ते आवडलं नाही.

भांडण कागदांनी लढलो. आधी आम्ही फोटो घेऊन गेलो होतो. पक्ष्यांचे उत्तम फोटो. साहेबांनी कौतुक केलं, चहा दिला. मग आमच्यातल्या एका निवृत्त बाईंनी सांगितलं की पाणथळ जागांचे २०१७ चे नियम मुळातून वाचा, शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा वाचा, त्याखालची बारीक अक्षरातली सूची वाचा. मी आयुष्यात एवढं वाचलं नव्हतं. नकाशात आमची जागा ज्या रंगात होती त्या रंगाचा अर्थ कोपऱ्यात तीन शब्दांत लिहिला होता, आणि त्या तीन शब्दांत पाणी कुठेच नव्हतं. महिनोन्‌महिने मी जिथे उभा होतो तिथे कागदावर पाणीच नव्हतं. हरकती-सूचनांना मुदत असते, ती संपली की कितीही रोहित दाखवा, उपयोग नाही.

म्हणजे जपावंसं वाटलं ते बघून, आणि जपायची वेळ आली तेव्हा वाचता यावं लागलं. आधीचं मत मी मागे घेत नाही, त्यात एवढी भर घालतो.

आता एक नवीन हरकत लिहितोय. अडीच पानं आहेत. तुमचे बाबा ऐकतील का?

——

मधली_ओळ:

काल रात्री वाचून दाखवली. बाबांनी दोन ठिकाणी थांबवलं. दुसऱ्या पानावर ‘त्यामुळे पक्ष्यांना पर्याय राहत नाही’ असं आहे, पण भरतीत चिखल झाकला जातो हे त्याआधी कुठेच आलेलं नाही. तुम्हाला ते इतकं पाठ आहे की लिहायचं राहिलं असावं. ज्या अधिकाऱ्याने खाडी पाहिलेली नाही त्याला ते वाक्य हवेत लोंबकळल्यासारखं वाटेल. आणि शेवटचा परिच्छेद भावनेचा आहे, तो खरा आहे पण त्याच्यामुळे मागणी झाकली जाते. मागणी वर घ्या, असं ते म्हणाले. मग मला विचारलं, हे पक्षी ओरडतात कसे? तुम्हीच सांगा, मला माहीत नाही.

अभ्यासिका_ऐरोली, पावती मागितलीस की कळव.

——

चिखलपक्षी:

दोन्ही दुरुस्त्या केल्या, भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ताही जोडला. मुदतीच्या आत दाखल झाली. बाबांना सांगा, मोठ्या रोहितचा आवाज हंसासारखा, नाकातून आल्यासारखा. थवा उठतो तेव्हा ऐकवतो, रेकॉर्ड करून पाठवतो.

——

वाशी_लोकल:

पुन्हा आलो, कारण माझ्या प्रश्नावर सगळे हो म्हणाले आणि पुढे गेले.

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म ठाण्यातला, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये. हा माणूस वर्तमानपत्र चालवत होता, म्हणजे लोकांनी वाचावं असं त्याला वाटतच होतं. पण त्यासाठी दिवस मोकळा लागतो हेही त्याला कळत होतं, आणि तो त्याने मिळवून दिला.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी आहे, पण ती कोणत्या वारी ते आदल्या रात्री मेसेजवर कळतं. त्यामुळे त्या दिवसाचं काहीच ठरवता येत नाही, मुलाला कुठे नेतो म्हणून सांगताही येत नाही. निदान आठवडाभर आधी कळावं, एवढी मागणी आम्ही काही जणांनी ठेकेदाराला लिहून दिली आहे. मजकूर मी लिहिला, सही सगळ्यांची. अजून उत्तर नाही. सोमवारी पुन्हा विचारणार आहोत.